परक्या झाडाखाली

माणूस परमुलखात जातो तो डोळ्यांनी. कुत्रा जातो तो नाकाने आणि जिभेने. आपण नव्या गावातली घरे पाहतो, पाट्या वाचतो, माणसांचे चेहरे न्याहाळतो. कुत्र्याचे सारे लक्ष मात्र जमिनीकडे असते. इथून कोण गेले, कधी गेले, काय सांडले, काय कुजले, हे तो हुंगून ठरवतो आणि नाकाला शंका आली की जीभ लावून पाहतो. आपल्या गावात त्याची ही रीत सहसा चुकत नाही, कारण लहानपणी खाल्लेल्या ठेचांनी ती पक्की झालेली असते. पण त्याला त्या मातीतून उचलून दूर देशी नेले, की त्याच्या नाकाला तिथली अक्षरओळख नसते. मग त्याच्या वतीने ती जमीन वाचण्याचे काम आपल्याला करावे लागते. आपल्या उपनगरांतील धर्मग्रामांची पुष्कळ मुले आज नोकरीधंद्यासाठी युरोपात आहेत आणि त्यांपैकी काहींनी घरातला कुत्राही बरोबर नेला आहे. त्या मुलांसाठी, आणि इथे त्यांच्या काळजीत असलेल्या आईबापांसाठी, हे चार शब्द लिहीत आहे.

आमचा मोती जातिवंत वगैरे मुळीच नाही. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली २०१७च्या पावसाळ्यात एक कुत्री व्याली. तिच्या चार पिलांपैकी हे एक आमच्या धाकट्या लेकीच्या मागे मागे तिसऱ्या मजल्यावर आले, आणि परत खाली गेलेच नाही. अंगाने तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, कान एक उभा तर एक पडलेला. ह्यांनी पहिल्या दिवशी त्याला घरात घेण्यास कडाडून विरोध केला, आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या बशीतला चहात बुडवलेला पाव त्याला भरवताना मी त्यांना पाहिले. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात चर्चा झाली नाही.

इमारतीच्या कुंपणाला लागून एक जुना शेवगा आहे. एकसर, वझिरा, गोराई इथल्या वाड्यांत एकेकाळी असे शेवगे ठायी ठायी असत. माझी आजी सांगे की शेवगा परसात असावा, दारात नसावा. लहानपणी मला ती नुसती अंधश्रद्धा वाटे. पुढे ध्यानात आले की त्या म्हणण्यात दोन अनुभव साठवलेले होते. एक तर शेवग्याची फांदी ठिसूळ. तिच्यावर चढलेले पोर केव्हा खाली येईल याचा नेम नाही. दुसरे म्हणजे सुरवंट. पाऊस स्थिरावला की शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा पुंजकाच्या पुंजका जमतो. दिवसा ते एकमेकांना बिलगून खोडाला चिकटून असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की झाडाला घोंगडीचे ठिगळ लावले आहे. रात्र झाली की ते वर चढतात आणि पाने खातात, आणि वाढ पुरी झाली की खाली उतरून मातीत कोष करतात. त्यांचे केस कातडीत रुतले की गांधी उठतात आणि खाज दिवसभर पाठ सोडत नाही. वाडीतली जुनी माणसे पलिता पेटवून ते पुंजके जाळीत. पावशा आणि चातक हे पाहुणे मात्र केसाळ सुरवंट आवडीने खातात. पावसाळ्यात त्यांचा आवाज वाडीतून फिरू लागला की आजी म्हणे, आले हो खाणारे.

मोती सहा-सात महिन्यांचा नव्हता तोच या शेवग्यापाशी त्याची शिकवणी झाली. झाडाखाली पडलेल्या एका सुरवंटाला त्याने नाक लावले, आणि पुढचा अर्धा दिवस तो शिंकत, पंजाने नाक घाशीत, जमिनीवर लोळत राहिला. संध्याकाळपर्यंत सारे निवळले. मात्र त्यानंतर पावसाळा असो वा उन्हाळा, त्या शेवग्याजवळून जाताना मोती रस्ता सोडून हातभर वळसा घेई. आम्हांला त्याची गंमत वाटे. त्या वळशात त्याची सगळी विद्या होती, हे आम्हांला पुढे कळायचे होते.

२०२१च्या अखेरीस जावयांना पोर्तुगालमध्ये नोकरी लागली, ती मारिन्या ग्रांद नावाच्या गावी. हे गाव काचकामासाठी आणि प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. फातिमाचे तीर्थक्षेत्र तिथून मोटारीने तासाभराच्या आत. लेक म्हणाली, मोती आल्याशिवाय मी जाणार नाही. मग कागदपत्रांचा तो लांबलचक प्रवास सुरू झाला. भारतातून कुत्रा युरोपीय संघाच्या देशांत न्यायचा, तर प्रथम त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. लशीनंतर निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचे, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि त्यात पुरेशी प्रतिकारशक्ती आढळली तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने पुरे होईपर्यंत थांबायचे. शेवटी सरकारी प्राणी-क्वारंटाइन विभागाचा आरोग्यदाखला. मोतीची फाइल लेकीच्या लग्नाच्या फाइलपेक्षा जाड झाली. त्या फाइलमध्ये एक गोष्ट ठळक होती. कुत्र्यापासून युरोपला काय बाधू शकेल याचा बारीकसारीक विचार तिच्यात होता. युरोपात कुत्र्याला काय बाधू शकेल याविषयी एक ओळही नव्हती.

आम्ही दोघे २०२४च्या जानेवारीच्या अखेरीस लेकीकडे गेलो. गावाच्या पश्चिमेला समुद्राकडे पाइनचे अफाट बन पसरलेले आहे. किनाऱ्याची वाळू शेतांवर येऊ नये म्हणून मध्ययुगात तिथल्या राजांनी ते वाढवले. दिनिश राजाचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे दर्यावर्दी पोर्तुगिजांच्या जहाजांना याच बनाने लाकूड आणि डांबर पुरवले. १५३४ साली वसई आणि तिच्याबरोबर आपली ही साष्टी ज्यांच्या हाती गेली, ते याच किनाऱ्याचे लोक. ते आले तेव्हा आपल्या आजे-पणज्यांना या परक्यांच्या रीती समजून घ्याव्या लागल्या असतील. आता पोटासाठी आपली मुले तिकडे जातात आणि त्यांच्या झाडांच्या रीती शिकतात. ऑक्टोबर २०१७च्या वणव्यात सुमारे अकरा हजार हेक्टरांच्या या बनाचा चार पंचमांशाहून अधिक भाग जळाला. वाचलेले आणि नव्याने उगवणारे पाइन पाहिले की गोराई-मनोरीच्या सुरूच्या बनाची आठवण होते; तीच सुयांसारखी पाने, वाऱ्यात तोच समुद्रासारखा घोष. मोतीलाही ती ओळख पटली असावी. पहिल्या दिवसापासून त्याला पाइनखाली लोळायचे होते.

त्याला तिथे लोळू न देण्याचे श्रेय शेजारच्या एका आजीबाईंचे. लेकीच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी तिला कुत्र्यासह रस्त्यात अडवले होते. लेकीला पोर्तुगीज येत नव्हते, आजीबाईंना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी बोट वर केले. पाइनच्या शेंड्याला पांढरे, रेशमी, नारळाएवढे गोळे लटकत होते. लेकीला वाटले, सावरीचा कापूस असावा. आजीबाईंनी मग बोट खाली जमिनीवर आणून सापासारखे फिरवले, मोतीकडे बोट दाखवले, स्वतःची जीभ बाहेर काढून तिच्यावर सुरी चालवल्याची खूण केली आणि जोरजोराने मान हलवली. लेक हे फोनवर सांगताना हसत होती. पण त्याच दिवशी तिने चौकशी करून सगळे जाणून घेतले होते.

त्या गोळ्यांत राहणाऱ्या अळीला तिकडे ‘लगार्ता’, म्हणजे अळी, म्हणतात. दुसरे नाव ‘प्रोसेसिओनारिया’. आपल्याला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको. आपण सणाला जसे प्रोसेशन काढतो, तशी ही अळी रांगेने चालते. उन्हाळ्यात तिचा पतंग पाइनच्या सुयांभोवती अंडी घालतो. शरदात अळ्या बाहेर पडतात, थंडी वाढली की शेंड्याला उन्हाच्या बाजूस रेशमाचे घर विणतात, दिवसा त्यात ऊब धरून बसतात आणि रात्री बाहेर पडून सुया खातात. हिवाळा सरू लागला की सारी वसाहत झाड सोडते. एकीचे डोके दुसरीच्या शेपटीला लावून शे-दीडशे अळ्यांची रांग खोडावरून उतरते, रस्ता ओलांडते, आणि मऊ जमीन सापडली की मातीत शिरून कोष करते. म्हणजे आपल्या शेवग्यावरच्या सुरवंटाची ही लांबची बहीणच. तोच मेळा, तेच रात्रीचे जेवण, तीच शेवटची माती. तिचे हे उतरणे गावानुसार आणि थंडीनुसार जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान केव्हाही होते; आपल्या लोकांनी ध्यानात ठेवायला सोपे म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा काळ सर्वांत जपण्याचा.

या अळीच्या रांगेविषयी झाँ-हांरी फाब्र या फ्रेंच कीटकनिरीक्षकाने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. १८९६च्या जानेवारीच्या अखेरीस त्याच्या बागेतल्या एका मोठ्या कुंडीच्या काठावर या अळ्यांची रांग चढली. रांगेने काठाचा फेरा पुरा केला तेव्हा त्याने उरलेल्या अळ्या बाजूला काढल्या आणि त्यांच्या येण्याची रेशीमवाट पुसून टाकली. रांगेला आता ना पुढारी राहिला, ना शेवट. दीड मीटरहूनही कमी घेराच्या त्या काठावर अळ्या सात दिवस फिरत राहिल्या. खाद्य जवळच होते, थंडीने त्या गारठत होत्या, तरी पुढची जाते म्हणून मागची जात होती. फाब्रने या अळीच्या दाहाचीही परीक्षा घेतली, आणि तीही स्वतःच्या हातावर. ज्या जीवाला अडवता किंवा हटवता येत नाही, त्याच्या वाटेतून आपणच बाजूला व्हावे, एवढा व्यवहारी बोध त्या कुंडीवरून मी घेतला.

दाह होतो तो अळीच्या केसांमुळे. वरवर दिसणारे तिचे लांब केस भीतीचे नाहीत. वाढत्या अळीच्या पाठीवर डोळ्यांना दिसतही नाहीत अशी लक्षावधी कुसळे असतात. ती टोकाशी भाल्यासारखी, बाजूंनी काटेरी, आणि त्यांत थाउमेटोपोइन नावाचे विषारी प्रथिन भरलेले. अळीला डिवचले, ती भ्याली, की कुसळे सुटून हवेत पसरतात. माणसाला त्यांनी पुरळ येते, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला श्वासाचा त्रास होतो. कुत्र्याचे संकट याहून मोठे, कारण तो तोंडाने चौकशी करतो. कुसळे जिभेत आणि ओठांत रुततात. काही मिनिटांत तोंडातून लाळेच्या तारा लागतात, कुत्रा पंजांनी तोंड ओरबाडतो, जीभ सुजते, निळीकाळी पडू लागते. वेळीच उपाय झाला नाही तर जिभेचा तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. सूज घशापर्यंत गेली तर श्वास कोंडतो, आणि कुत्रा प्राणासही मुकतो. यावर लस नाही.

हे सारे लेकीला ठाऊक होते. म्हणून तिने मोतीच्या फिरण्याची वाट बदलली होती. थोडी लांबची, पण एकही पाइन नसलेली. पट्टा आखूड ठेवायचा, फिरताना खाली आणि वर दोन्हीकडे पाहायचे, घरी आल्यावर पाय धुवायचे, हे तिचे नियम आम्ही दोघांनीही पाळले. तिच्या इमारतीला लागून एक मोकळी जागा होती आणि तिच्यात तीन पाइन. त्यांच्यावरचे गोळे काढावेत म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्या जागेच्या मालकाला नाताळापूर्वी दोनदा लेखी कळवले होते. गोळे तिथेच होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री समुद्रावरून जोराचा वारा सुटला. सकाळी मी आणि लेक मोतीला नेहमीच्या वाटेने फिरवून आणत होतो. घराच्या कोपऱ्यावर, भिंतीपलीकडच्या पाइनची एक बारीक फांदी मोडून रस्त्यावर आली होती आणि तिच्यासोबत फुटलेला एक गोळा. लेकीने तो पाहताच पट्टा खेचला. मोतीने त्याला तोंड लावले नाही. पण एक पाय त्या पसरलेल्या रेशमावर पडून गेला होता. पाय धुण्यासाठी आम्ही त्याला घाईने दाराशी आणले. त्या वीस पावलांत त्याने थबकून पंजा एकदा चाटला. एकदाच. दारात पोचेपर्यंत लाळ सुरू झाली होती.

आजीबाई त्यांच्या ओट्यावर होत्या. त्यांनी पाहिले आणि ओरडल्या, “बाल्द! बाल्द!” मला पोर्तुगीजचा गंध नाही, पण माझे पाय आपोआप न्हाणीघराकडे धावले. बालदी! साडेचारशे वर्षांपूर्वी साष्टीत आलेला, आमच्या घरात रोज उच्चारला जाणारा तो शब्द त्या क्षणी त्यांच्या तोंडून माझ्या कानी आला होता. पाव, चावी, मेज, साबण या शब्दांवर आम्ही दोघी महिनाभर हसत-खेळत संभाषण चालवीत होतो; बालदी मात्र त्या दिवशी कामाला आली. मी बालदीत कोमट पाणी आणले. लेकीने स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे चढवले, मोतीचे डोके खाली वाकवले, आणि ह्यांनी तांब्याने पाणी जिभेवरून बाहेरच्या बाजूला सोडत ठेवले, जेणेकरून ते घशात जाऊ नये. कोणीही काही चोळले नाही. बालदी तीनदा भरली. मग मोटार, आणि पंधरा मिनिटांवरचा पशुवैद्य.

त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो, चोळले का, हा. नाही म्हणताच त्यांचा चेहरा किंचित मोकळा झाला. त्यांनी इंजेक्शने दिली, सलाईन लावले, तोंड पुन्हा पुन्हा धुतले आणि दोन दिवस मोतीला ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा जिभेचे टोक काळे पडले होते. दहाव्या दिवशी बोराच्या बीएवढा तुकडा गळून गेला. आता जिभेला उजवीकडे एक खाच आहे. पाणी पिताना तो पूर्वीपेक्षा जास्त सांडतो. बाकी काही नाही.

ते दोन दिवस मात्र घरात कोणी जेवले नाही म्हटले तरी चालेल. पहिल्या रात्री लेक स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. म्हणाली, “मम्मी, त्याने कुठे मला म्हटले होते, मला परदेशात ने म्हणून? बोरिवलीत असता तर शेवग्याला वळसा घालून सुखाने जगला असता.” मी लगेच उत्तर दिले नाही. आईला कळते, मुलगी केवळ कुत्र्याविषयी बोलत नाही. तिनेही इथला शेवगा, इथली वाट, अंगवळणी पडलेला वळसा सोडला होता. आणि तिलाही तिथे कशाला हात लावावा, कशाला लावू नये, हे पहिल्यापासून शिकावे लागले होते. थोड्या वेळाने मी एवढेच म्हणाले, “अगं, बोरिवलीत आहेत त्या मोटारी, फटाके आणि गटारे. कुठे संकट नाही? तिथे त्याला शिकवायला शेवगा होता. इथे शिकवणारी तू आणि त्या आजीबाई. त्यांनी तुला सांगितले नसते, तर आज आपण त्याला डॉक्टरकडे न्यायलासुद्धा उशीर केला असता.” ती काही बोलली नाही, पण उठून तिने दिवा लावला.

ज्यांची मुले अशा देशांत आहेत त्यांनी त्यांना काही गोष्टी आवर्जून कळवाव्यात. पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि दक्षिण फ्रान्स हा या अळीचा जुना मुलूख. पाइन आणि देवदाराची झाडे हे तिचे घर. हिवाळ्याअखेरीस अशा झाडांखाली कुत्र्याला मोकळा सोडू नये. प्रवासात मुक्काम ठरवताना अंगणात पाइन आहेत का, त्यांवर गोळे आहेत का, हे आधी विचारावे. रिकामा गोळा निरुपद्रवी समजू नये. कुसळे त्यात पुष्कळ दिवस टिकतात. काठीने डिवचणे किंवा पेटवणे कटाक्षाने टाळावे. आपल्याकडचा पलित्याचा उपाय तिथे अंगाशी येतो, कारण धुरासोबत आणि वाऱ्यासोबत कुसळे उडून घरात शिरतात. कुत्र्याला बाधलेच, तर हातमोजे घालून भरपूर कोमट पाण्याने धुवावे. चोळू नये, पुसू नये. माझी आजी सुरवंट लागलेल्या जागी घोंगडीचे टोक फिरवी. माणसाच्या दंडावर ते ठीक, जिभेवर ते केले तर कुसळे अधिकच मोडून आत जातात आणि विष सुटते. धुणे आणि पशुवैद्याकडे धावणे यांत वेळ दवडू नये. बरे वाटते का पाहू, म्हणून थांबू नये. वैद्याचा फोन क्रमांक डिसेंबरमध्येच दाराशी लावून ठेवावा.

ही अळी हटवण्याचे तिकडचे उपायही पाहण्यासारखे आहेत. खोडाभोवती एक पन्हळ बांधतात आणि तिला मातीची पिशवी जोडतात. उतरणारी रांग त्या पन्हळीत शिरते, पिशवीतल्या मातीला जमीन समजून तिच्यातच कोष करते, आणि मग पिशवी काढून नेतात. उन्हाळ्यात नर पतंगांना मादीच्या गंधाने फसवणारे सापळे लावतात. टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी या अळ्या खातात, म्हणून बागांत त्यांच्यासाठी लाकडी घरटी टांगतात. आणि आपल्याकडेही मैदानात चोच खुपसत हिंडणारा हुदहुद तिथे जमिनीतले कोष उकरून खातो. लेकीच्या घरासमोरच्या हिरवळीवर त्याला पाहिले तेव्हा मला गोराईच्या खाडीकाठचा पाहुणा भेटल्यासारखे झाले.

हे संकट आता त्या जुन्या मुलखापुरते राहिलेले नाही. हिवाळे सौम्य झाल्यामुळे ही अळी फ्रान्समध्ये उत्तरेकडे सरकत पॅरिसच्या परिसरापर्यंत पोचली आहे. २०२२ साली तिथल्या सरकारने तिची आणि तिच्या ओकवरच्या भावंडाची गणना मानवी आरोग्यास घातक जातींत केली. ओकवरची ती अळी लंडनमध्ये २००६ सालापासून नोंदली गेली आहे, आणि जर्मनी, नेदरलँड्स या देशांतही तिचा उपद्रव आहे. मात्र तिचा हंगाम वेगळा. मे ते जुलै. म्हणजे पोर्तुगालचे पंचांग लंडनला चालत नाही. प्रत्येक गावी नव्याने विचारावे लागते.

विचारावे लागते, या एका शब्दापाशी माझे मन थांबते. परक्या ठिकाणी विचारणे आपल्याला कमीपणाचे वाटते, आणि सांगणे हे आगाऊपणाचे. आमच्याच कॉलनीत पाहा. जुन्या वाड्या गेल्या, बैठी घरे गेली, पुनर्विकासात नव्या इमारती उभ्या राहिल्या; लांब लांबच्या गावांहून कुटुंबे राहायला आली, त्यांची मुले आणि कुत्री आली. कुंपणाचा तो शेवगा अजून आहे, आणि जुलैत त्याच्या खोडावर तो घोंगडीचा पुंजका अजून जमतो. पण तो काय आहे हे सांगणाऱ्या आज्या आता ओट्यावर नाहीत, कारण ओटेच नाहीत. परतल्यानंतरच्या पावसाळ्यात समोरच्या इमारतीतली एक तरुण सून तिच्या पिलाला त्या शेवग्याखाली घेऊन उभी होती. ह्यांनी तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली, आणि मग जिना उतरून तिला खोड दाखवले. ती घाबरली, मग हसली, मग तिने विचारले, “अंकल, कडुलिंबालाही असतात का हो?” ह्यांना सांगताना किती आनंद झाला, ते त्यांच्या लांबलेल्या व्याख्यानावरूनच कळत होते.

आजीबाईंचे २०२४च्या ऑक्टोबरात निधन झाले. २०२५च्या जानेवारीत लेकीने आपल्या इमारतीच्या फाटकावर एक कागद लावला. त्यावर पाइनचे झाड, पांढरा गोळा आणि अळ्यांची रांग तिने स्वतः काढली आहे. खाली पोर्तुगीज, इंग्रजी आणि हिंदी अशा तीन भाषांत मजकूर आहे, कारण त्या कारखान्यांत आता उत्तर भारतातलीही मुले कामाला आली आहेत. छायाचित्र तिने आम्हांला पाठवले. कागदाच्या तळाशी, कोणाला कळो न कळो, तिने एक बालदी काढली आहे.